माझा बर्फ, आयलाचा दगड

मेलबर्नमध्ये तू नक्की काय काम करायचास, असं पुण्यात कोणी विचारलं की मी सांगतो, "बर्फ करायचो." मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. माझ्या एका आतेभावाने तर खालच्या आवाजात विचारलं होतं, "मासळीबाजारासाठी का रे?" बिचाऱ्याला खरंच काळजी वाटली होती. स्किल्ड व्हिसावर गेलेला भाऊ शेवटी बर्फाच्या लाद्या ओढतोय, आणि हे घरी सांगायची त्याला लाज वाटत असणार!

तसं ते फार चूक नव्हतं. मी रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा केलेला माणूस. पुण्यात आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजवर होतो, इथे मेलबर्नला आल्यावर डँडेनॉन्ग या उपनगरात मटणाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागलो. तिथून बर्फावर स्केटिंग करायच्या एका आइस रिंकवर गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. इंडस्ट्रियल भागातली बाहेरून गोडाऊनसारखी दिसणारी इमारत, आत बारा महिने हिवाळा. बाहेर लोक शॉर्ट्स घालून फिरत असताना मी कानटोपी घालून कामाला जायचो. आमच्या गल्लीतल्या लोकांनी मला काही वर्षं वेड्यातच काढलं होतं.

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं की यंत्रांबद्दल लिहावं. पण मला पहिल्यांदा आठवली ती बर्फावर पालथी पडलेली एक बाई.

रिंकवर लागून मला दोनच आठवडे झाले होते. मॅनेजर ग्रेगने सांगितलं की रविवारी दुपारी कर्लिंगवाले येतात, त्यांना बर्फ लागतो. मी यंत्र फिरवून बर्फ आरशासारखा गुळगुळीत केला आणि स्वतःवर खूश होऊन कठड्यापाशी उभा राहिलो. साठीकडे झुकलेली, आखूड पांढऱ्या केसांची एक उंच बाई आली. तिने हातमोजे काढले आणि सरळ बर्फावर पालथी पडली. सुतार फळीला बाक आहे का ते एक डोळा मिटून बघतो, तशी ती त्या दीडशे फूट लांब बर्फाकडे बघत होती. मला वाटलं, चक्कर आली. मी धावलो.

"हा बर्फ कोणी केला?" तिने पडल्या पडल्याच विचारलं.

"मी."

"सुंदर आहे. पण आम्हाला याचा काही उपयोग नाही."

ती आयला. हो, तिचं नाव खरंच आयला. स्कॉटलंडमध्ये मुलींचं हे चांगलं, प्रतिष्ठित नाव आहे. पण घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "आज आयला भेटली," तेव्हा शुभदाने हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाषा सांभाळ. पोरगी ऐकतेय." पुढे आमच्या घरात तिचं नाव आयलाबाई पडलं. "बाई" लावल्यावर तेवढंच जरा सभ्य वाटायचं.

कर्लिंग हा खेळ मी आपल्या माणसांना नेहमी साताऱ्याहून आलेल्या एका आजोबांच्या शब्दांत समजावतो. ते नातवाबरोबर रिंकवर आले होते. तासभर शांतपणे खेळ बघितला आणि म्हणाले, "हा कॅरमच की हो. फक्त सोंगटी वीस किलोची आहे." इतकं नेमकं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही. ग्रॅनाइटचा चपटा गोल दगड, वर हँडल. खेळाडू एका पायावर बसून घसरत येऊन तो सोडतो. पलीकडच्या टोकाला बर्फावर रंगवलेली वर्तुळं असतात, त्यांना हाउस म्हणतात. दोन्ही टीमचे सगळे दगड सोडून झाले की ज्याचा दगड मधल्या बिंदूच्या सगळ्यात जवळ, त्याला गुण. सोडताना दगडाला किंचित पीळ दिला की तो जाता जाता एका बाजूला वळत जातो. आणि दगडापुढे दोघं जण ब्रश घेऊन जोरजोरात बर्फ घासतात, म्हणजे दगड थोडा लांब आणि थोडा सरळ जातो. लोकांना हसू येतं ते या घासण्याचं.

आता यातला माझा भाग. गुळगुळीत बर्फावर हा दगड चालतच नाही, चिकटल्यासारखा अर्ध्यात थांबतो. त्याला खडबडीत बर्फ लागतो. म्हणून पाठीवर कोमट पाण्याची टाकी बांधायची, हातात झारी घ्यायची आणि उलटं चालत चालत बर्फावर थेंबांचा सडा घालायचा. पडल्या पडल्या थेंब गोठतात, त्यांची बारीक पुटकुळी होते. तिला पेबल म्हणतात. हजारो पुटकुळ्या, आणि दगड त्यांच्या टोकांवरून तरंगत जातो. थेंब एका जागी दाट आणि दुसरीकडे विरळ पडले, की दगड मनाला येईल तिकडे जातो. कॅरमला पावडर असते ना, तसंच. पुढे मी एकदा घरचा कॅरम बोर्ड रिंकवर नेला होता. आयलाने पावडर दोन बोटांत चोळून बघितली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे हे तुमचं पेबल." खेळायला मात्र ती अगदीच वाईट होती. तिचं नख दुखावलं आणि तिने मला इंग्रजीतल्या दोन-तीन नव्या शिव्या शिकवल्या.

पेबल घालायला तिनेच मला शिकवलं. मी झारी धरून हळूहळू, जपून चालायचो. ती कठड्यावरून ओरडायची, "मिलिंद, प्रेतयात्रेला निघालायस का? लयीत चाल!" लय म्हटल्यावर मला शाळेतलं लेझीम आठवलं. मी मनात एक-दोन-तीन-चार म्हणत, हात डावी-उजवीकडे फेकत उलटा चालायला लागलो, आणि थेंब एकसारखे पडायला लागले. आयलाने पालथं पडून बघितलं. उठून पँट झटकली आणि म्हणाली, "हां. आता दगड टाकता येईल." निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत मी लेझमीच्या चारांवरच पेबल घातलं.

आयला त्या वेळी सात वेळा राष्ट्रीय विजेती होती. हे मला तिने सांगितलं नव्हतं, रिंकच्या भिंतीवरच्या पाटीवरून कळलं. ऑस्ट्रेलियात कर्लिंगमध्ये विजेतं होणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे घरचे, चिप्स खात बसलेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ओळसुद्धा नाही. जिंकणारी टीम पुढे परदेशात मोठ्या स्पर्धेला जायची आणि तिथे कॅनडा, जपानसारख्या देशांपुढे हरायची. "आम्ही हरायलाच जायचो," आयला सांगायची, "पण व्यवस्थित हरायला." मी तिच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा जिंकलेला एक कप कपडे धुण्याच्या खोलीत होता आणि त्यात कपड्यांचे चिमटे होते.

तिचे वडील स्कॉटलंडमध्ये मेंढ्या पाळायचे. गावातलं तळं कडक थंडीत गोठलं की अख्खा गाव काम टाकून तळ्यावर यायचा. ती दगडाच्या वजनाने मागे पडायची इतकी लहान होती, तेव्हापासून खेळायची. विशीत लग्न करून मेलबर्नला आली, तर इथे बर्फच नाही. मग काही कॅनेडियन, काही स्कॉटिश अशी घरची आठवण काढणारी माणसं जमली आणि एका स्केटिंग रिंकवर त्यांनी खेळ सुरू केला. पोटापाण्यासाठी तिने अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवली. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. पण "माझं कोणी नाही" असं काही तिच्या बोलण्यात मी कधी ऐकलं नाही. तिच्या बोलण्यात पुढचा रविवार असायचा.

आमची मैत्री खऱ्या अर्थाने झाली ती एका जानेवारीत. बाहेर त्रेचाळीस डिग्री. दुपारी प्लँटरूममध्ये, म्हणजे यंत्रांच्या खोलीत, अलार्म वाजला आणि कॉम्प्रेसर बंद पडला. बर्फाखालच्या काँक्रीटमध्ये मैलभर पाइप असतात आणि त्यांतून उणे तापमानाचं मिठाचं पाणी फिरत असतं. ते फिरायचं थांबलं की तुमच्याकडे काही तासच असतात, मग राहतं ते तळं. छपरावरचा, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर इतका तापला होता की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होत होतं. ग्रेग सुट्टीवर. पब्लिकला बाहेर काढलं. आयला एकटी सरावाला आली होती, ती गेली नाही.

"काय करू सांग," ती म्हणाली.

मी तिला बर्फावर घालायच्या चंदेरी चादरी दाखवल्या आणि बागेतली पाण्याची नळी घेऊन छपरावर चढलो. दोन तास मी त्या कंडेन्सरवर पाणी मारत होतो, पायाखालचा पत्रा बुटातून भाजत होता. खाली येऊन बघतो तर आयलाने अख्खी रिंक एकटीने झाकली होती आणि कठड्यापाशी बसून दुखरं कंबरडं चोळत होती. कॉम्प्रेसर चालू झाला. वरचा थर मऊ पडला होता, पण वाचला. तिने तिच्या थर्मासमधला चहा मला दिला. इतका वाईट चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, आणि दोन कप प्यायलो.

यानंतर ती मला सगळं सांगायला लागली. कर्लिंगसाठी रिंकवर लांब पट्टे आखलेले असायचे; तिसऱ्या पट्ट्यावर अर्ध्या अंतरानंतर उतार आहे, पहिल्यावर भिंतीकडची बाजू जड आहे. मी लेव्हल लावून बघायचो, आणि दरवेळी तिचंच खरं निघायचं. आणखी एक सांगतो. रिंकवरचा प्रत्येक हरलेला माणूस माझ्याकडे बघून मान हलवायचा. बर्फ स्लो होता, बर्फ वाकडा होता. आयलाच्या तोंडून हरल्यावर मी बर्फाबद्दल एक शब्द ऐकला नाही. खेळाआधी ती मला रडवायची, खेळानंतर गप्प.

ती एकसष्ट वर्षांची असताना राष्ट्रीय स्पर्धा आमच्या रिंकवर आली. ही तिची शेवटची मोठी संधी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. कंबर साथ देत नव्हती. उजव्या हाताच्या बोटांना अधूनमधून मुंग्या येत होत्या, हे मात्र फक्त मला आणि तिच्या टीममधल्या एका मुलीला माहीत होतं. बाई फायनलला पोचली.

फायनल रविवारी दुपारी होती. त्याआधी मुलांची हॉकी होती, ती लांबली. मला जो दीड तास मिळायला हवा होता तो पाऊण तासावर आला. हॉकीच्या स्केट्सनी उकरलेला बर्फ खरवडायचा, पाणी घालायचं, पेबल घालायचं, पेबलची टोकं पात्याने उडवायची आणि शेवटी रुंद मॉपने सगळा पट्टा पुसून काढायचा. मॉपची झालर जुनी झाली होती, तिचे दोरे सुटायला लागले होते. नवी झालर येऊन चार दिवस झाले होते, पलीकडच्या स्टोअरमध्ये खोक्यात पडली होती. तिथे जायला, खोका फोडायला, झालर चढवायला दहा मिनिटं लागली असती. खेळाडू येऊन उभे होते. म्हटलं, एवढ्यापुरतं चालेल. जुन्याच मॉपने पुसलं.

मी हे वाक्य लिहायला पुष्कळ वर्षं घेतली आहेत, म्हणून सरळ लिहितोय.

शेवटचा दगड आयलाचा होता. समोरच्या टीमचा एक दगड मधल्या बिंदूपासून हातभर अंतरावर होता. तिला फक्त त्याच्या आत थांबायचं होतं. समोर अडथळा नाही, पट्टा मोकळा. असा दगड तिने हजारो वेळा टाकला होता. मी हाउसच्या मागे उभा होतो. ती खाली बसली, घसरत आली, दगड सोडला. मला पेबलवरचा त्याचा आवाज ऐकू येत होता, बारीक गुरगुरल्यासारखा. बरोबर वेग होता, दोघी मुली पुढे हलकेच ब्रश फिरवत होत्या. मी मनात जिंकल्याच्या टाळ्यासुद्धा वाजवल्या.

हाउसच्या तोंडाशी तो दगड किंचित अडखळला. पायरी चुकल्यावर माणूस अडखळतो ना, तेवढाच. मग डावीकडे वळला, मंदावला आणि समोरच्या दगडाच्या बाहेर, चार बोटांवर थांबला.

"काही लागलं का त्याला?" ब्रशवाल्या एका मुलीने विचारलं.

आयला चालत चालत या टोकाला आली. दगडाकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "नाही," ती म्हणाली. "माझाच हात. सोडताना वळला." तिने समोरच्या टीमशी हात मिळवले, एकेकीचं नाव घेऊन अभिनंदन केलं.

सगळे बक्षीस समारंभाला वर गेले. मी म्हटलं, दगड मी उचलतो. तो दगड उलटा केला. दगडाच्या पोटाला बांगडीएवढी एक गोल कड असते, तेवढीच बर्फाला टेकते. त्या कडेला बोटभर लांबीचा ओला सुती दोरा चिकटलेला होता. माझ्या मॉपचा.

मी तो दोरा खिशात घातला.

वर जाऊन लगेच सांगता आलं असतं. निकाल काही बदलला नसता, या खेळात दगड जिथे थांबतो तिथे थांबतो. मग सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण साधं होतं. त्या रिंकवर माझ्या बर्फाचं नाव होतं. बाहेरून आलेले खेळाडू मुद्दाम भेटून सांगायचे, की मिलिंद, तुझ्यासारखा बर्फ सिडनीलाही नाही. वर टाळ्या वाजत होत्या आणि मी खाली, यंत्र नीट धुतलं होतं तरी पुन्हा धूत बसलो होतो.

तीन आठवड्यांनी आयलाचा फोन आला. घरी ये, काही सामान द्यायचंय. ती स्प्रिंगवेलला एका छोट्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्येच, राहायची. टेबलावर तिचा ब्रश, तिचे खास बूट, हातमोजे आणि बर्फाच्या नोंदींची एक वही असं सगळं मांडून ठेवलं होतं.

"बूट तुझ्या मुलीला होतील," ती म्हणाली. "वही तुझ्याकडे असू दे. मी थांबले."

"अगं पण का? एक मॅच हरलीस म्हणून?"

"मॅच हरण्याचं काही नाही. मी खूप हरले आहे." तिने उजवा हात टेबलावर ठेवला. "माझ्या बाबतीत हे असं कधी झालं नव्हतं, मिलिंद. दगड सोडला तेव्हा मला आत कळलं होतं की तो बरोबर गेला. अगदी खात्री होती. आणि तो चुकला. म्हणजे आता मला माझा हातच कळत नाही. ट्राम चालवताना एक दिवस ब्रेकचा अंदाज चुकतोय असं वाटलं, त्याच आठवड्यात मी काम सोडलं होतं. डॉक्टरांकडे जाऊन आले. ते तपासण्या करतायत, त्यांना काही सापडत नाहीये. पण काहीतरी असणारच ना?"

तिने टेबलावरचा हात उलटा करून तळव्याकडे बघितलं.

मी तिला सांगितलं. मॉप, खोका, दहा मिनिटं, दोरा, खिसा, सगळं.

मला वाटलं, आता सुटल्यासारखं वाटून ती हसेल. मनातून मी त्याचीच वाट बघत होतो, हे कबूल करतो.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी या हाताकडे बघत बसले आहे. सकाळी कप उचलताना बघते, सही करताना बघते. मला वाटलं, माझ्या डोक्यातच काही बिघडलं. आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"आय ॲम सॉरी, आयला. मला भीती वाटली."

"दोरा पडतो. कोणाच्याही हातून पडतो. त्याबद्दल मी तुला चहासुद्धा पाजला असता. पण माझा हात चांगला होता, हे तू मला सांगितलं नाहीस." ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. "आता जा. आणि ते बूट राहू देत तिथेच."

दुसऱ्या दिवशी मी ग्रेगला आणि स्पर्धेच्या कमिटीला लेखी कळवलं. मला वाटलं होतं, चौकशी होईल, निदान कोणीतरी ओरडेल. ग्रेगने कागद वाचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नो वरीज, मेट. होतं असं." कमिटीचं दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार म्हणून. कोणी रागावलं नाही याचा मला इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं.

घरी मी शुभदाला म्हणालो, "तिला आवडते ती खीर करून देशील का? घेऊन जातो."

"मुळीच नाही," ती म्हणाली. "डबा नेऊन हे मिटवायला जाऊ नकोस. तिला राग येऊ दे की. तिचा राग खरा आहे."

तो सगळा हिवाळा आयला रिंकवर आली नाही. मॉपची झालर मी दर महिन्याला बदलायला लागलो, गरज असो नसो. कर्लिंगच्या दिवशी मॉप फिरवून झाला की हातमोजे काढून पट्ट्यावर गुडघ्यांवर बसायचो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जायचो. केस, धागा, कसपट. गुडघे तेव्हापासून दुखतात. मुलगी म्हणायची, "बाबा, यू आर बीइंग ऑब्सेसिव्ह." असेन.

सप्टेंबरात एका सकाळी मी प्लँटरूममधून बाहेर आलो तर दुसऱ्या पट्ट्यावर आयला पालथी पडलेली. पायात तेच बूट. मी "गुड मॉर्निंग" म्हणालो. तिने एकेक करून सोळा दगड टाकले, स्वतःच पलीकडे जाऊन ते बघितले, पुन्हा सोळा टाकले आणि गेली. मग रोज यायला लागली. ती यायच्या आधी मी पट्टा तयार ठेवायचो आणि लांब जाऊन उभा राहायचो. असे पाच आठवडे गेले. एका दिवशी बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दुसऱ्या पट्ट्याची डावी बाजू स्लो आहे."

"बघतो," मी म्हणालो.

खरंच स्लो होती. त्या दिवशी घरी जाताना मी गाडीत गाणी लावली होती, हे मला पक्कं आठवतं.

पुढच्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धाही आमच्याकडेच झाली. बासष्ट वर्षांच्या आयलाने विशीतल्या मुलींना हरवत टीमला सेमीफायनलपर्यंत नेलं. मी त्या दिवशी ग्रेगला आधीच सांगून ठेवलं होतं, की हॉकी लांबली तर मॅच उशिरा सुरू होईल, पण माझा वेळ मी कमी करणार नाही. तो म्हणाला, "ऑलराइट, बॉस." पट्टा तयार झाल्यावर मी तो दोनदा गुडघ्यांवर बसून तपासला.

पुन्हा शेवटचा दगड तिच्याच हातात आला. या वेळी रस्ता मोकळा नव्हता. दोन दगडांच्या मधून, जेमतेम फटीतून जाऊन हाउसमध्ये थांबायचं होतं. त्यापेक्षा सोपा मार्ग होता. समोरचा एक दगड उडवून बरोबरी करायची आणि खेळ लांबवायचा. टीमच्या मुली तोच दाखवत होत्या. आयलाने मान हलवली. तिला फटीतूनच जायचं होतं.

दगड फटीतून गेला. अगदी अलगद, कोणालाही न शिवता. पण वेग जास्त होता. मुलींनी ब्रश वर उचलले, कोणी बर्फाला हातसुद्धा लावला नाही, तरी तो थांबेना. हाउसमधून सरळ पलीकडे जाऊन मागच्या फळीवर धाडकन आदळला. मॅच संपली.

आयला लंगडत पट्टाभर चालत आली. समोरच्या टीमशी हात मिळवले. मग वळून सरळ माझ्याकडे आली. सगळे बघत होते.

"बर्फ स्वच्छ होता?" तिने विचारलं.

"होता."

"नक्की?"

"दोनदा बघितलाय, आयला. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"गुड," ती म्हणाली, आणि तिचा सगळा चेहरा उजळला. "म्हणजे तो चुकलेला दगड माझा." तिने उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला तेव्हा तो थंडगार होता आणि अगदी स्थिर होता. "सुटल्या क्षणी मला कळलं होतं, मिलिंद. हातातून सुटता सुटताच कळलं की जोर जास्त झाला. हावरटपणा केला मी!"

त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर निवृत्ती जाहीर केली. पुढे पाच वर्षं तिने शनिवारी सकाळी नवशिक्यांना शिकवलं. त्यांत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या काही बायकाही होत्या, आणि शुभदा तर अजून खेळते. दोन वर्षांपूर्वी आयला गेली.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलंय. कंबर धरल्यामुळे तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी तिला घरी सोडायला निघालो. ती सगळ्या रस्ताभर त्या दगडाबद्दल बोलत होती. फट कशी दिसली, मुली काय म्हणत होत्या, उडवायचा मार्ग तिला कसा पळपुटा वाटला, किती थोडक्यात तो जास्त गेला. हरलेलं माणूस इतकं आनंदात असलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिची गल्ली आली तरी तिचं बोलणं संपलेलं नव्हतं. मी वळलो नाही, गाडी तशीच पुढे नेली आणि पूर्ण एक चक्कर जास्त मारली.